नैरोबीचं दूध, लंडनचा डॉक्टर

राजाराम पायांतले मोजे न काढताच चटईवर बसला, तेव्हापासूनच चंपाचं डोकं फिरलेलं होतं. आबांच्या मौतीला हा तिचा थोरला भाऊ आला नाही. निदान वर्षाच्या दिवशी तरी नैरोबीहून आला, म्हणून ती सकाळपासून तोंड आवरून होती. त्रिशरण-पंचशील झालं, आबांच्या फोटोला हार पडला, चाळीतल्या साठ-सत्तर माणसांची खीर-पुरी झाली, ढीगभर भांडी तिने एकटीने घासली. आणि दुपारी तीनच्या सुमाराला, खोलीत फक्त घरची माणसं उरल्यावर, राजारामने कोटाच्या आतल्या खिशातून एक टाइप केलेला कागद काढून मांडीवर सारखा केला.

"आये, इथं अंगठा लागंल तुझा," तो म्हणाला. "आबांच्या नावची भाडेपावती पहिली तुझ्या नावावर करायची. मग तुझ्याकडनं त्या दुकानदाराच्या नावावर. साडेचार हजार पागडी द्यायला तयार आहे तो. उद्या सकाळी येतोय."

सोनूबाई भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. वर्षभरात तिचे गुडघे पार गेले होते आणि पहाटे-पहाटे दम लागायचा. तिने कागदाकडे बघितलं, मग मुलाकडे.

"आनि मी कुटं जाऊ रं?"

"कुठं म्हणजे? पोराकडं. दोन-दोन पोरं परदेशात असताना तू ह्या गिरणीच्या धुरात बसायचं? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

लोकांची त्याला फार काळजी. फक्त कुठल्या पोराकडे, एवढंच ठरायचं बाकी होतं.

"आणि मी?" चंपाने विचारलं.

"तुझं काय, तू कमावती आहेस. शाळेतल्या कुणा बाईबरोबर होईल सोय." कागदावरची नजर न उचलता राजाराम म्हणाला.

चंपाला वाटलं, हातातलं पातेलं फेकून मारावं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकली तेव्हा भोईवाड्यातल्या याच दहा बाय बाराच्या खोलीत ती परत आली होती. इथेच चुलीपाशी बसून सातवीची फायनल पास झाली, मग ट्रेनिंग कॉलेज केलं, आणि आता नायगावच्या म्युनिसिपल शाळेत चौथीला शिकवत होती. आईचं दुखणंखुपणं तीच बघत होती, भाडंही तीच भरत होती. आणि तिची सोय कुणा बाईबरोबर! एकट्या, टाकलेल्या बाईला या मुंबईत कोण खोली देतं, हे ह्या शहाण्याला ठाऊक नव्हतं थोडंच.

धाकटा उत्तम खिडकीच्या कठड्यावर बसला होता. चार वर्षांपूर्वी बोटीवर भांडी घासत लंडनला गेला आणि तिथेच उतरून राहिला, तो आता वर्षासाठी आला होता. गेला तेव्हा वीस वर्षांचा, गोबऱ्या गालांचा होता. आता हनुवटी टोकदार झाली होती आणि तो मोजकंच बोलत होता. चंपाच्या नजरेला तर त्याने आल्यापासून नजरही दिली नव्हती.

राजारामने त्याच्याकडे मोर्चा वळवला. "उत्तम, तूच सांग. आयेच्या दम्याला लंडनच बरं की नाही? डॉक्टर फुकट, दवा फुकट. चष्मासुद्धा सरकार देतं. आमच्या नैरोबीत डॉक्टरच्या दारात नुसतं उभं राहायला दहा शिलिंग मोजावे लागतात."

"फुकटच्या डॉक्टरकडं धुक्यातनं चालत जावं लागतं, दादा," उत्तम शांतपणे म्हणाला. "मी जायच्या दोन वर्षं आधी दम्याची माणसं पटापट मेली त्या धुक्यानं. खोलीत शेगडी असते गॅसची. तिच्या पोटात शिलिंग टाकला की पेटते, तासाभरात विझते. नैरोबीला बारा महिने महाबळेश्वर. दूध दारात येतं. क्वार्टर रेल्वेचं, भाडं पगारातनं कापलेलं. आयेला तिकडंच ने."

"दूध दारात येतं, पण भाव बघ ना! आणि क्वार्टर केवढंसं? वर तिकडं आणीबाणी चालू आहे, रात्री-अपरात्री धरपकड. म्हाताऱ्या माणसाला जीव मुठीत धरून राहायला लावायचं?"

"ऑगस्टात लंडनमध्ये गोऱ्या पोरांनी आमच्यासारख्यांना रस्त्यात गाठून झोडपलं. तिथं जीव धरायला मूठ तरी कुठं आहे?"

"अरे पण, लंडन ते लंडन! स्वच्छता बघ. भूमिगत आगगाडी बघ."

"स्वच्छता? आठवड्यातनं एकदा सार्वजनिक न्हाणीघरात पैसे भरून आंघोळ. खोलीत बोंबील भाजला तर घरमालकीण सामान रस्त्यावर टाकंल."

चंपा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. आधी तिला काही उमगेना, आणि मग संतापाने तिची कानशिलं तापली. हे दोघे भाऊ आपापल्या शहराची नालस्ती करत होते आणि दुसऱ्याच्या शहराचे पोवाडे गात होते. आईला न्यायला कुणीच आलं नव्हतं. प्रत्येक जण तिला दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला आला होता. आणि ती बिचारी, गुडघे चोळत, कुठल्या गावचं दूध चांगलं ते कान देऊन ऐकत होती.

चाळीत दिवसाढवळ्या दार लावायची रीत नाही. आवाज चढले तशी गॅलरीत माणसं जमायला लागली. समोरच्या खोलीतली गंगुबाई हातातली फणी तशीच घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली. शेजारचे बाबुराव आले. ते आबांचे गिरणीच्या कातखात्यातले जोडीदार. संयुक्त महाराष्ट्रासाठी छप्पन साली दोन महिने तुरुंगात जाऊन आलेले. आताही काखेत उद्याच्या सभेच्या पत्रकांचा गठ्ठा होताच.

"थांब, थांब, राजाराम," बाबुराव दारातूनच म्हणाले. "दुधाचा भाव काय सांगतोस तू? पंचावनच्या दिवाळीच्या पत्रात तू लिवलंवतंस की नैरोबीत दूध इतकं सस्तं, की तुझी बायको सुभद्रा उरलेल्याचा खवा आटवते. क्वार्टरला दोन खोल्या, मागं परस, परसात पेरूचं झाड."

"व्हय तर," गंगुबाईने री ओढली. "पेरूचं झाड मला चांगलं ठावं हाय. आनि उत्तम, तू रं? तुजी घरमालकीन तुला आईवानी बघती, रोज सांच्याला सूप देती, आसं चंपीनं वाचलं न्हवं का?"

राजारामचा चेहरा उतरला. त्याला वाटलं असेल, चाळीतली माणसं, ऐकतात आणि विसरतात. पण आबांचा कायदाच तसा होता. परदेशचं पत्र बुधवारी येवो की गुरुवारी, पाकीट रविवारपर्यंत फोडायचं नाही. तोवर ते बाबासाहेबांच्या तसबिरीमागे राहायचं. रविवारी सकाळी आबा स्वतः दहा दारं ठोठावून माणसं गोळा करायचे, गॅलरीत चंपाला स्टुलावर बसवायचे आणि सगळ्यांसमोर पाकीट फोडून म्हणायचे, "वाच. मोठ्यांदा वाच." स्वतः कठड्याला धरून उभे. पाच वर्षं हा सोहळा चालला. नैरोबीच्या बटाट्याचा आणि लंडनच्या पावाचा भाव चाळीतल्या बायकांना दादर बाजारातल्या भावापेक्षा जास्त पाठ होता. भाजीवाल्याशी वाद घालताना त्या त्याचा दाखलाही देत.

"घरच्या बोलण्यात तोंड घालू नका, काका," राजाराम तडकला.

"घरच्या?" बाबुरावांनी गठ्ठा उंबऱ्यावर आपटला. "तुज्या बापानं, कोंडीरामानं, पाच वर्षं आमाला घरचंच केलं होतं, बाबा. आमी हितं मुंबई मिळावी म्हनून पाठीवर लाठ्या घेतोय आनि तू त्याच मुंबईतली बापाची खोली साडेचार हजाराला फुंकायला आलास? तीस वर्षं कापूस गिळून त्यानं ही खोली टिकवली. आयेला न्यायचं आसंल तर ने उजळ माथ्यानं. तुझं चांगलं गाव कशाला वाईट सांगतोस?"

गॅलरीतून कुणीतरी "बराबर हाय" म्हणालं. चंपाला इतकं बरं वाटलं, की ती पुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"सांग की दादा आता," ती म्हणाली. "परसातला पेरू वाळला का रे?"

सोनूबाईने हात वर केला.

"मला एवडंच सांगा. तवाचं खोटं, का आत्ताचं खोटं?"

राजारामने पायांतले मोजे काढले, घडी करून बाजूला ठेवले, आणि तो बोलायला लागला तेव्हा त्याच्या आवाजातली साहेबी गेली होती.

"तवाचं, आये. पेरू नाही, परस नाही. एक खोली आणि पुढं पत्र्याचं छप्पर. रेल्वेच्या संडासालासुद्धा तीन दारं आहेत तिथं. गोऱ्यांचं एक, आमचं एक, काळ्यांचं एक. त्यातल्या आमच्या दारात उभं राहिलं, की आपले हिंदुस्थानी लोक पहिलं आडनाव विचारतात. माझं क्वार्टर रांगेच्या शेवटाला का, विचार ना. सुभद्रा नळावर गेली की बाकीच्या बायका घागरी मागं ओढतात. समुद्र ओलांडून गेलो मी, आणि घागरी मागं ओढतात! हे लिहायचं होतं? गॅलरीत वाचायला? आबा कठड्याला धरून उभे असताना?"

गंगुबाईने फणी पदरात गुंडाळली. चंपाच्या मनात भावाबद्दल पहिल्यांदा माया दाटून आली. तिला तो असा हवा होता, मोजे काढलेला. हे त्याने आधी सांगितलं असतं तर तिने त्याच्याशी भांडणच काढलं नसतं.

"म्हंजी तू फसवलंस," सोनूबाई म्हणाली. मग तिने खिडकीकडे मान वळवली. "आनि तू, उत्तम? तू बी आसंच?"

"नाही, आये," उत्तम म्हणाला. "मी लिहिलं होतं."

चंपाचे कमरेवरचे हात खाली आले.

"पहिल्याच थंडीत लिहिलं होतं. सगळं. तू उत्तरही पाठवलंस की. विसरलीस?"

"कसलं उत्तर?"

उत्तम खिडकीवरून खाली उतरला आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याने चंपाकडे नीट बघितलं. तिने मान खाली घातली. तेवढ्याने त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"आक्का," तो म्हणाला, "तू ते वाचलंच नाहीस?"

वाचलं होतं. मनातल्या मनात वाचलं होतं. पंचावन्नच्या फेब्रुवारीतला रविवार. आबांनी पाकीट फोडलं, तिच्या हातात दिलं, ती स्टुलावर बसून खुशाली वाचत गेली, आणि पानाच्या मध्यावर त्या ओळी आल्या. आबा तेव्हा नेमके बाबुरावांना सांगत होते, की माझा पोरगा राणीच्या गावात साहेबासारखा राहतो. तिने श्वास घेतला आणि सात-आठ ओळी ओलांडून खालच्या नमस्कारावर उडी मारली. पुढच्या बुधवारी उत्तरही तिनेच लिहिलं, आईच्या नावाने. आबांची मान खाली जाऊ नये म्हणून गाळलं, असं ती स्वतःला इतकी वर्षं सांगत आली. पण खरं ते तिला तेव्हाच माहीत होतं. ट्रेनिंग कॉलेजचं पहिलं वर्ष चालू होतं. उत्तमची मनिऑर्डर होती म्हणून फी भरली जात होती. तो परत आला असता, तर कॉलेज सुटलं असतं आणि आबांनी तिला पुन्हा त्या नवऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं असतं.

"पत्रं कुटं हायत?" सोनूबाईने विचारलं.

"ट्रंकेत. पण आये..."

"काड."

"आये, आता काय उपयोग? इतकी माणसं..."

"माणसं हायत म्हनूनच. माणसांच्या म्होरं गाळलंस, माणसांच्या म्होरंच वाच. तुजा बाप करायचा तसं. स्टूल घे. मोठ्यांदा वाच."

चंपा गॅलरीत स्टुलावर बसली. तिचा शाळेत कमावलेला आवाज चढला तो चढलाच. वरच्या मजल्यावरची माणसंही जिन्यात येऊन उभी राहिली. "आये, इथे भाड्याच्या घरांवर पाट्या असतात, काळ्यांना जागा नाही म्हणून. आम्ही सात जण एका खोलीत पाळीने झोपतो. मी पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला आहे. काल भट्टीशी हात भाजला, तरी सुट्टी घेतली नाही. आये, मला इथे राहवत नाही. मी हरलो, असं आबांना तूच सांग. बोटीचं तिकीट हप्त्याने मिळतं, पैशाचं मी बघतो. तू फक्त 'ये' एवढं लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तुझ्या पत्राची रोज वाट बघतो."

पुढचा नमस्कार सगळ्यांनी तेव्हा ऐकलेलाच होता. तो वाचायचं तिला धाडस झालं नाही.

"उत्तर आलं," उत्तम म्हणाला. तो आता ओरडत होता. "'आम्ही सर्व खुशाल. धीर सोडू नको. तिथेच राहून नाव काढ.' आणि खाली आयेचा अंगठा! मला वाटलं, आये म्हणते, राहा. आयेच म्हणते, तर मग राहायचं. त्या दिवसापासून मी तुम्हाला सूप आणि घरमालकीण लिहायला लागलो. चार वर्षं मी आयेला मनातल्या मनात शिव्या देतोय, आक्का! माझ्या आयेला!"

"माझं कॉलेज होतं," चंपा म्हणाली. शब्द तोंडातून गेले आणि ते किती हलके आहेत, हे तिला गॅलरीतल्या प्रत्येक चेहऱ्यावर दिसलं. तिला स्वतःची इतकी चीड आली, की आता कुणी उठून एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

सोनूबाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. चंपाने पत्र लिहावं, शाईची बाटली पुढे करावी, आणि आपण विश्वासाने अंगठा टेकवावा, हे तिने किती वेळा केलं असेल. तिने लुगड्याला अंगठा पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला.

"आता म्हनते, ये," ती उत्तमला म्हणाली. "येतोस?"

उत्तमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने मान हलवली. "आता नाही, आये. तेव्हा म्हणाली असतीस तर पोहत आलो असतो. आता तिथंच कसाबसा रुजलोय, इथं आलो तर कुणाच्या कामाचा नाही." त्याने वाकून राजारामच्या मांडीवरचा कागद उचलला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला. राजारामने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "खोली आक्कालाच राहू दे, दादा. तिनं ती घेतलीय. आणि काय देऊन घेतलीय, ते सगळ्यांनी ऐकलं."

तो चपला न घालता गॅलरीत गेला आणि पाठ करून कठड्याशी उभा राहिला. माणसं एकेक करून पांगली. बाबुरावांनी पत्रकांचा गठ्ठा उचलला, उत्तमच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि आपल्या खोलीत शिरले.

चंपा आईच्या पायांशी बसली. खोली वाचली होती. दुपारभर जिच्यासाठी तिचं रक्त उकळत होतं ती खोली तिच्या पदरात पडली होती, आणि तिला आईच्या पदराला हात लावायचीही हिंमत होत नव्हती.

"आये, मार मला. पण बोल."

"मारून काय हुतंय." सोनूबाईचा आवाज कोरडा होता. "मी कुटं जात न्हाय. नैरोबीबी नको, लंडनबी नको. तू बी ऱ्हा हितंच. तुला हाकलली तर माज्यात आनि तुज्या नवऱ्यात फरक काय ऱ्हायला? पर माजा अंगठा आता कुनाच्या कागदाला लागायचा न्हाय. तुज्या तर न्हायच न्हाय."

"मग पत्रं कशी..."

"मास्तरीन हायस न्हवं? दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतीस. मला शिकव. म्हंजी परत तुज्या तोंडानं कुनाचं पत्र ऐकायची पाळी येनार न्हाय."

"उद्यापासून शिकवते, आये."

"उद्या न्हाय. आत्ता."

चंपाने शाळेच्या पिशवीतून पाटी काढली, पेन्सिल काढली आणि वर 'अ' काढायला लागली. सोनूबाईने पदराच्या टोकाने तो अर्धवट 'अ' पुसून टाकला.

"ते मागनं," ती म्हणाली. तिची नजर गॅलरीतल्या त्या पाठमोऱ्या पोरावर होती. "आदी 'ये' कसं लिवत्यात ते दाव."